बसता येईल असा स्पीकर

पनवेलच्या बाजारात भांबुर्ड्याचा पाला दिसला की माझे पाय थांबतात. एरवी या पाल्याला कोणी विचारत नाही. बांधावर आपला उगवतो आणि आपला वाळून जातो. पण भातं कापून झाली, वालाच्या शेंगा भरल्या, की पोपटीचे दिवस येतात आणि याचा मान एकदम वाढतो. मडक्याच्या तळाशी पाला, तोंडाशी पाला, मधे शेंगा, बटाटे, अंडी, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. परवा मी अशीच एक जुडी हातात घेऊन हुंगत उभी होते. ओव्याच्या जवळपास जाणारा तो वास नाकात शिरत होता आणि तेवढ्यात महेशचा मेसेज आला. महेश माझा जुना सहकारी. आम्ही दोघं एका साउंडवाल्याकडे कितीतरी वर्षं वायरी गुंडाळत होतो. आता त्याने कल्याणला स्वतःचं काम सुरू करायचं मनावर घेतलंय. त्याने लिहिलं होतं, "शूटिंगच्या प्लेबॅकसाठी पोर्टेबल स्पीकर घ्यायचाय. कुठला घेऊ? एका ओळीत सांग."

एका ओळीत म्हणे. मी जुडीचे पैसे दिले, फोन पिशवीत टाकला आणि घराकडे निघाले. पण वास आणि प्रश्न असे एकत्र आले होते की रिक्षात बसेपर्यंत मी तीन हिवाळ्यांमागच्या एका अंगणात पोचले होते. शेणाने सारवलेलं, एका बाजूला पेंढ्याचा ढीग, मधोमध हळदीचा मांडव, आणि मी कपाळाला हात लावून एका डब्याकडे बघतेय.

माझं काम काय ते लोकांना सांगितलं की त्यांना ते काम वाटतच नाही. सिनेमातलं किंवा व्हिडिओतलं गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. शूटिंगच्या जागी ते मोठ्याने वाजवायचं, नट-नट्यांनी त्यावर ओठ हलवायचे, नाचणाऱ्यांनी नाचायचं. ते वाजवणारी मी. अंतरा म्हटलं की अंतरा, तिसरी ओळ म्हटलं की तिसरी ओळ, त्याच जागी, त्याच सेकंदाला, दिवसातून शंभर वेळा. माझे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, पहिली दोन वर्षं पाहुण्यांना सांगायचे, "सूनबाई गाणी लावते." खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तर माझं नाव डीजे काकू पडलं होतं. एका शेजारणीने मुलीच्या बारशाला माझी तारीखही विचारून ठेवली होती.

आणि वाजवायचं तरी कशावर? सुरुवातीला मला वाटायचं, स्पीकर तो स्पीकर. मग खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर एकदा चाळीस मुली नाचत होत्या आणि मी हौसेने बिनवायरीचा स्पीकर फोनला जोडला होता. ऐन रंगात अप्पांचा फोन आला. माझी रिंगटोन त्या बांधावर अशी घुमली की चाळीस मुली दोन ठेके तिच्यावरच नाचल्या. ते एक वेळ निभावलं. पण कॅमेऱ्याला मी आवाज वायरीने दिला होता आणि स्पीकरला बिनवायरीने, त्यामुळे स्पीकर किंचित मागे वाजत होता. कानाला ते कळलं नाही. एडिटिंगला बसले तेव्हा सगळ्यांचे ओठ गाण्याच्या मागे चाललेले. त्या दिवसापासून मी वायर सोडली नाही. लोक हसतात, म्हणतात, काकू, कुठल्या जमान्यात आहात? असू दे.

दुसरी एक गोष्ट त्याच बांधाने शिकवली. पुढची रांग तालात आणि शेवटची रांग जराशी उशिरा. मी शेवटच्या रांगेतल्या मुलींना ओरडले. मग स्वतः तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा उजेड पडला. स्पीकर लांब, आवाज चालत चालत येणार, मुली बिचाऱ्या तो पोचल्यावर नाचणार. मी जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांना माफी कशाची ते कळलं नाही, पण त्यांनी मला बोरं दिली.

आता कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की इकडच्या गावांत नुसता धुरळा असतो. प्रत्येक गावात हळदीच्या गाण्यांची एक तरी टीम असते. आठवडाभर कोणी कंटेनरच्या गोडाऊनमध्ये, कोणी बिल्डिंग मटेरियलच्या धंद्यात, आणि रविवारी सगळे दिग्दर्शक, नर्तक, गीतकार. हल्ली डोक्यावरून विमानं जातात आणि खालून कंटेनरचे ट्रेलर, मधल्या पोकळीत हे लोक गाणी करतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. तीन वर्षांपूर्वी मला कामाला बोलावणारा सागर त्यांतलाच. सुकापूरचा, वाळू-खडीचा व्यवसाय, शर्टाच्या खिशात नेहमी मोजायची टेप. त्याने एक चांगली गोष्ट केली होती. हळदीचं गाणं करताना त्याने स्टुडिओतली गायिका न घेता खरीखुरी धवलारीण गाठली होती.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. तिच्याशिवाय इकडे हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर चालेल, पण धवलारीण वेळेवर लागते. एक जण ओळ सोडते आणि तिच्या मागे उभी असलेली दुसरी ती ओळ झेलते, की पुन्हा पहिली पुढची सोडते. सागरने जासईच्या अलीकडच्या गावातली चांगुणाबाय आणि मागून झेलणारी तिची धाकटी जाऊ पदूबाय, अशा दोघींचा आवाज पनवेलच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतला होता. गाणं सुरेख झालं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

व्हिडिओत मात्र चांगुणाबाय एकटीच दिसायची होती. सुरुवातीला चार ओळी, मधे चार ओळी, तिच्या तोंडावर कॅमेरा. एक फ्रेम, एक चेहरा, असं सागरचं म्हणणं. शूटिंगच्या आठ दिवस आधी आम्ही तिच्याच अंगणात तालमीला गेलो. सागरचा आग्रह होता, "ताई, बेस पाहिजे बेस. छातीत वाजलं पाहिजे." मी चाकं लावलेला, कमरेएवढा उंच, दिवे लुकलुकणारा स्पीकर नेला. पोरंटोरं गोळा झाली. म्हाताऱ्यांनीही मान डोलावली. मी पद्धतीप्रमाणे तो कॅमेऱ्याशेजारी, चांगुणाबायच्या समोर ठेवला. प्रत्येक ओळीआधी चार टकटक घातले होते, म्हणजे गाणाऱ्याला कळतं आता सुरू. मी बटण दाबलं.

टक, टक, टक, टक. चांगुणाबाय शांत. ओळ निघून गेली. पुन्हा टकटक. ती माझ्याकडे बघत राहिली. अंगणाच्या मागच्या रस्त्यावरून ट्रेलर जायचे, त्यांची घरघर आणि आमच्या डब्याची धडधड एकमेकांत अशी मिसळायची की गाण्याचे शब्द मधल्या मधे बुडून जायचे. तिसऱ्या-चौथ्यांदा तिने ओठ हलवले, तेही दुसऱ्याच ओळीचे.

"बाय," ती मला म्हणाली, "तुझे डब्यातला मना काय कलत नाय. निसता धडधडतंय. आनि यो घड्याल कशाला लावलास?"

सागर तिच्याशी वाईट वागला नाही, हे सांगायला हवं. त्याने तिला चहा दिला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी एकच दिवस आहे माझ्याकडे. उरणची एक आर्टिस्ट बोलावून ठेवतो. आजींना जमलं तर बेस्ट. नाही जमलं तर आवाज त्यांचा, चेहरा हिचा. काय करणार?"

हे तो हळू बोलला होता. पण चांगुणाबायला ट्रेलरच्या घरघरीत गाणं ऐकू येत नसलं तरी असलं बोलणं बरोबर ऐकू आलं. निघताना तिने माझं मनगट धरून मला घरात नेलं. कपाटातून लग्नांचे तीन-चार अल्बम काढले. पोरींच्या, पुतण्यांच्या, गावातल्या कुणाकुणाच्या लग्नाचे. पानं उलटत ती बोट ठेवत गेली.

"बग. नवरीचा तोंड हाय. नवऱ्याचा हाय. आचाऱ्याचा बी हाय, टोप घेऊन. आनि यो बग, यो माझा कोपर."

खरंच कोपर होता. हिरव्या बांगड्यांचा हात, हळदीचं ताट आणि कोपर. पुढच्या अल्बममध्ये पाठ. त्याच्या पुढच्यात अर्धा अंबाडा. फोटोवाल्याला धवलारीण कधी मधे येतेय असं वाटलं, तर त्याने तिला सरकवलं होतं.

"चालीस वरसं लगना लावली," ती म्हणाली. "एकदा माझा तोंड दिसूंदे गो. नातीला दाखवीन."

मी हो म्हणाले. काय भरवशावर म्हणाले कोणास ठाऊक. मला तिचा कोपर बघवत नव्हता, एवढंच खरं. निघता निघता मी तिला विचारलं, "पण लग्नात तुम्हाला कसं कळतं, ओळ कधी सोडायची ते?"

तिला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. "पदू बोलते ना," ती म्हणाली. "पदू बोलते, मंग मी घेते."

पदूबाय त्या दिवशी अंगणात नव्हती. भिंतीला भिंत लागून तिचं घर, आणि दार बंद. तिला व्हिडिओत घेतलं नाही म्हणून तिने जावेशी अबोला धरला होता. तिचा निरोप मात्र अंगणात सगळ्यांना माहीत होता. सागर तिला समजवायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "आवाज माझा पायजे आनि तोंड नको. मंग आवाजालाच साडी नेसवा." हे वाक्य मला इतकं पटलं की मी तिच्या दाराकडे बघायचंच टाळलं.

चांगुणाबायचं ते "पदू बोलते" माझ्या डोक्यातून जाईना. स्टुडिओवाल्याकडे गेले आणि न कापलेलं, न धुतलेलं मूळ रेकॉर्डिंग मागितलं. तो कुरकुरला. म्हणाला, "अहो, त्या मागच्या आजी मधे मधे बोलत होत्या, ते साफ करता करता माझा जीव गेला." मी हेडफोन लावले. प्रत्येक ओळीच्या आधी, अगदी खालच्या सुरात, पदूबायचा आवाज होता. "हं, घे गो." की लगेच चांगुणाबायची ओळ. दर वेळी. त्याने साफ केलेला कचरा म्हणजे हे. चांगुणाबाय काही टकटक मोजून गाणारी नव्हती, तिला कोणीतरी घे म्हणावं लागत होतं. मी माझे चार टक पुसून टाकले आणि त्यांच्या जागी "हं, घे गो" बसवलं. असं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मला ते करताना फार आनंद झाला.

मग स्पीकर. तो आठवडा आमच्या घराने सोसला. ओळखीपाळखीतून, भाड्याने देणाऱ्यांकडून मी चार स्पीकर आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. अप्पांना गॅलरीत बसवलं. अप्पांचा डावा कान कामातून गेलाय आणि उजवा त्यांच्या मर्जीने चालतो, म्हणजे चांगुणाबायच्या जागी बसवायला याहून योग्य माणूस नाही. रस्त्यावरच्या ट्रेलरचा आवाज मी फोनवर भरून आणला होता, तो टीव्हीवर मोठ्याने लावला. आणि अप्पांना सांगितलं, जे शब्द ऐकू येतील ते पेपरच्या कडेला लिहा.

दिवेवाल्या स्पीकरसाठी त्यांनी लिहिलं, "दम आहे. शब्द नाही." दुसरा एक गोल, देखणा, हातात मावणारा होता. त्यावर शेरा, "कोणीतरी न्हाणीघरात गात आहे." तिसऱ्याच्या वेळी त्यांनी काहीच लिहिलं नाही, कारण ते पेपर वाचायला लागले होते. मी तो बाद धरला.

चौथा कोणीही उचलून आणला नसता. राखाडी, चौकोनी, गुडघ्याएवढा, जाड लाकडी अंगाचा. भाषणांसाठी बनवलेला. ज्याच्याकडून आणला त्याने तो दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकणासारखा लावून ठेवला होता. त्यात बेस जवळजवळ नव्हताच. खांद्याला अडकवायला पट्टा होता, बॅटरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायची, वायर घट्ट बसायची. मी गाणं लावलं. स्वयंपाकघरात कुकर, खाली भंगारवाला, टीव्हीवर ट्रेलर. आणि अप्पा पेपर खाली ठेवून म्हणाले, "ही बाई मघापासून कोणाला घे गो, घे गो म्हणतेय? घे ना बाई एकदाचं."

मी त्या डब्याला मिठी मारली नाही, पण मारावीशी वाटली.

आज मागे वळून बघताना त्यात गूढ काहीच नव्हतं. ट्रेलरची घरघर खालच्या सुराची, धडधडणारा बेसही खालच्याच सुराचा. दोघं एकाच पाटावर बसायला धावणार आणि गाणारीला जागाच नाही. माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो, तिथे जो स्वच्छ बोलेल तो आपला. हे पुस्तकात असतं, मीही ते वाचलं होतं. पण अंगणात चार पोरं वाहवा करायला लागली की पुस्तक आठवत नाही. मी तालमीला स्पीकर नेला होता तो गर्दीसाठी, चांगुणाबायसाठी नाही.

रविवारी सकाळी धुकं होतं. अंगणात हळदीचं ताट, नाचणाऱ्या मुली, पेंढ्यावर बसलेल्या कोंबड्या. उरणची नटी आली होती, मोठी गुणाची बाई, मेकअपवाला तिच्या कपाळावर सुरकुत्या काढत होता आणि ती हातांनी वालाच्या शेंगा निवडत होती, कारण संध्याकाळी पोपटी ठरली होती. सागरने माझा राखाडी डबा बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. "ताई, हा काय आणलात? ग्रामसभेत आणल्यासारखा." मी म्हटलं, आधी ऐक.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. डबा कॅमेऱ्याशेजारी ठेवायचा सोडून चांगुणाबायच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, दोन हातांवर ठेवला. पदूबाय उभी राहते तिथे.

पहिल्यांदा लावलं. "हं, घे गो." चांगुणाबायने घेतली. ओठ बरोबर, श्वास बरोबर, डोळ्यांत ती लग्नघरातली चमक. मागून ट्रेलर गेला तरी ती चुकली नाही. मला फार बरं वाटलं. आणि दुसऱ्या ओळीआधी डबा पुन्हा म्हणाला, "हं, घे गो," आणि चांगुणाबायने मान मागे वळवली.

सागर म्हणाला, कट.

पुन्हा. पुन्हा मान वळली. एकदा गाणं सुरू झालं की धवलारीण दर ओळीआधी झेलणारीकडे बघून घेते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय. मागे वळली की तिला राखाडी डबा दिसायचा आणि तिचं गाणं तोंडातच राहायचं. सातव्यांदा ती हसली. दहाव्यांदा ती डब्यावर रागावली. बाराव्यांदा तिने पदर तोंडावर घेतला आणि मला दिसलं की ती आता हसत नव्हती. सागरने घड्याळ बघितलं. ऊन वर चढत होतं. उरणच्या बाईच्या सुरकुत्या काढून झाल्या होत्या आणि ती शेंगांचं सूप मांडीवरून उतरवत होती.

"अजून एकदा," मी म्हटलं.

"ताई, किती?"

"एकदा."

मी आवाज थोडा वाढवला. दुसरं काही सुचत नव्हतं. "हं, घे गो," डबा म्हणाला. चांगुणाबाय वळली आणि थांबली. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. "हं, घे गो." पुन्हा. "हं, घे गो."

शेजारचं दार धाडकन उघडलं.

पदूबाय बाहेर आली ती हातात अर्धी साफ केलेली मासळी घेऊनच. बुटकी, जाड, एका पायाने लंगडत. ती कोणाकडे बघत नव्हती, सरळ जावेकडे येत होती.

"मगाधरनं वीस वेला बोल्ली," ती म्हणाली, "घे गो, घे गो. घेत कशी नाय तू?"

आठ दिवसांचा अबोला होता आणि तो या वाक्याने सुटला होता, पण त्या दोघींना त्याचं काही नव्हतं. चांगुणाबाय तेवढ्याच रागाने म्हणाली, "तू नाय तिथं. यो डबा हाय. डब्याला बगून कशी घेऊ?"

पदूबायने डब्याकडे बघितलं. तिच्या जागेवर तो बसला होता आणि तिच्याच आवाजात बोलत होता. तिला याचा भयंकर अपमान वाटला असणार. तिने मासळी माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि मांडवातून चिमूटभर हळद घेऊन स्वतःच्या कपाळाला लावली. मग डब्यावर हाताने दोन थापा मारल्या, दार ठोठावतात तशा, आणि त्याच्यावर बसली.

"गुडगं दुखतान," ती सगळ्यांना म्हणाली. "उबी नाय राहनार. लाव गो बाय तुजा गानं."

सागर तोंड उघडून काही म्हणणार होता. एक फ्रेम, एक चेहरा. मी त्याच्याकडे असं बघितलं असणार की त्याने ते मिटलं आणि कॅमेरावाल्याला बोट दाखवलं, घे, दोघींना घे.

मी लावलं. गाणं आता पदूबायच्या बुडाखालून, साडीतून येत होतं, पण त्या डब्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं, शब्द स्वच्छ. "हं, घे गो," डबा म्हणाला, आणि त्याच क्षणी पदूबायही म्हणाली, "हं, घे गो." चांगुणाबायने मागे बघितलं, जाऊ दिसली, पुढे वळली आणि घेतली. चारही ओळी. मग मधल्या चार. दर ओळीआधी मान वळवणं आता चूक उरली नव्हती, ती बघण्यासारखी गोष्ट झाली होती. सागरचा पाय ताल धरत होता आणि छातीत काही वाजत नव्हतं तरी तो रडत होता. नंतर म्हणाला, डोळ्यात पेंढा गेला. उरणच्या बाईने तिच्या सुरकुत्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या तिनेच वाजवल्या.

मी मात्र तीन मिनिटं हातात बोंबील धरून उभी होते. माझं काम पदूबाय करत होती आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही.

संध्याकाळी पोपटी लागली. उन्हं उतरलेली, भांबुर्ड्याचा तो वास, मडकं फोडल्यावर वाफ. दोघी जावा एका पानातून शेंगा सोलत होत्या आणि कुठल्यातरी लग्नातल्या कुठल्यातरी नवऱ्याच्या आत्याला नावं ठेवत होत्या. सागरने कॅमेऱ्यावरचा तो शॉट चांगुणाबायला दाखवला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. स्वतःच्या चेहऱ्यावर शॉट थांबवायला लावला. कोपर नाही, पाठ नाही, अंबाडा नाही. सबंध तोंड, कुंकू, नथ, उघडे ओठ. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी शेजारी उभी, मला वाटलं आता हिला भरून येणार.

मग तिने तिच्या खांद्यामागे बसलेल्या जावेवर बोट ठेवलं. "पदू किती म्हातारी झाली गो," ती म्हणाली. "मना कवाच दिसली नाय."

भिंतीला भिंत, रोजची भेट, आणि लग्नात तर क्षणाक्षणाला मागे वळून बघणं. पण ते बघणं पुढची ओळ घेण्यापुरतं. त्या शॉटमध्ये तिने पदूबायला पहिल्यांदा निवांत बघितलं. पदूबाय म्हणाली, "तू काय नवी नवरी हायस?" आणि दोघी इतक्या हसल्या की हातातल्या शेंगा खाली पडल्या.

तो राखाडी डबा मी भाड्यावरून सोडवून कायमचा घेतला. आमच्या गॅलरीत असतो. त्याच्या वरच्या कडेला पदूबायच्या बोटांचे हळदीचे दोन ठसे अजून आहेत, मी पुसले नाहीत. अप्पा त्यावर चहाचा कप ठेवायला बघतात, तेवढं मी ठेवू देत नाही. त्यानंतर मोठमोठ्या सेटवर गेले, चकचकीत स्पीकर वापरले, एकेकाची नावं घेतली तरी छाती दडपेल. पण मार्गशीर्ष आला की सागरचा फोन येतो आणि तो पहिलं वाक्य हेच बोलतो, "ताई, तो ग्रामसभेवाला आणा." गेल्या वर्षी पदूबायने स्वतः निरोप पाठवला होता, डब्याला वरून एक गोधडी शिवायची का?

घरी पोचून मी पाला पाण्यात ठेवला आणि महेशला लिहायला बसले. आधी सगळं नीट लिहिलं. वायर असलेला घे. बॅटरी दिवसभर टिकणारा घे. वजन असं की बांधावरून एका माणसाला नेता येईल. बेसच्या नादी लागू नकोस, शब्द ऐकू येतात का ते बघ, आणि ते स्वतःच्या कानाने बघू नकोस, घरात कोणी कमी ऐकणारं असेल तर त्याला बसव. मग वाचलं आणि सगळं खोडलं. त्याने एक ओळ मागितली होती.

मी लिहिलं, "ज्यावर बसता येईल असा घे."

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "मला शूटिंगमध्ये बसायला कुठे मिळतं?"

"तुला नाही," मी लिहिलं. "मागून आवाज देणारीला."